दाबलेल्या हसूची गंमत
एका लेखात म्हटलंय, 'न हसण्याचे' शो (जो हसला तो बाद) म्हणजे नुसता पोरकटपणा. मला अजिबात पटलं नाही. 'एलओएल : हसे तो फसे' (२०२१) हा असाच हिंदी शो आम्ही कोथरूडला घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. १० विनोदवीर, ६ तास एका जागी कोंडलेले. मूळ कल्पना जपानच्या 'डॉक्युमेंटल' या शोची. खरी मजा विनोदात नाहीच, हसू दाबणाऱ्या चेहऱ्यात आहे! गाल आत ओढलेले, नाकपुड्या थरथरताहेत, नजर छताकडे. ते बघून आईने तोंडाला पदर लावला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाबांच्या आजारपणानंतर ती इतकी खळखळून हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मराठीतही कुणीतरी असा शो कराच. आपल्याकडे एकांकिकांमधून तयार झालेली किती गुणी पोरं आहेत!