‘दुसऱ्याच दिवशी पळाली’ या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

आमच्याकडून नेलेली डुकराची दोन्ही पिल्लं दुसऱ्याच दिवशी झटका तारेतून, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या कुंपणातून, निसटली, चौघांनी संध्याकाळभर मागे धावूनही हाती लागली नाहीत, आणि ‘हाक मारली की येतात’ ही आमची थाप होती, असं तुम्ही लिहिलंय. सकाळी ती सुखरूप सापडली हे वाचून जीव भांड्यात पडला. चूक आमची आहे. ती हाकेला येतात ती आमच्या आवाजाला, आमच्या खुराकाच्या बादलीला. नव्या माणसाला ती कशी ओळखणार? हे पिल्लं देतानाच सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी तुमचा फोनही आम्ही उचलला नाही. दोन्हींसाठी मनापासून माफी मागतो.

तारेत झटका सोडणारं मशीन चालू होतं, पिल्लू झटक्याने किंचाळलं, तरी पुढेच गेलं, असं तुम्ही म्हणता. नेमकं तेच होतं. तारेची ओळख नसलेलं डुक्कर झटका बसला की मागे फिरत नाही, पुढे मुसंडी मारतं. म्हणून आधी त्यांना भक्कम जाळीच्या लहान वाड्यात ठेवा आणि जाळीच्या आतल्या बाजूने, थोडं अंतर सोडून तार ओढा. वास घ्यायला नाक पुढे येतं, झटका बसतो, पुढे जाळी आडवी असते, मग मागे सरण्यावाचून इलाज राहत नाही. हा धडा पक्का व्हायला आठवडाभर तरी द्या, मगच मोकळ्या रानात सोडा. एकदा शिकलेलं जनावर तार काढून घेतली तरी ती रेषा ओलांडायला बिचकतं. त्यामुळे ये-जा करायचं दार तारेचं करू नका, फळ्यांचं करा.

पिल्लांसाठी खालची तार जमिनीपासून 15 ते 20 सेंटीमीटरवर हवी, म्हणजे झटका नाकाला बसेल. पाठीला बसला तर ते पुढेच उसळणार. आणि ती तार रोज बघाच. डुकरं कडेची माती उकरून तारेवर लोटतात, मग सगळा झटका मातीत उतरतो. जमीन फार कोरडी असेल तर अर्थिंगच्या सळईपाशी पाणी ओता.

आता हाक. लांबचं त्यांना नीट दिसत नाही, पण कान आणि नाक फार तिखट. रोज खुराक टाकण्याआधी एकच हाक द्या, बादलीत मूठभर दाणे खडखडवा आणि आल्याबरोबर खायला द्या. काही दिवसांत बघाल, मातीत रुतलेलं नाक वर येतं, क्षणभर अंग स्तब्ध होतं आणि मग दोघं हुंकारत धावत सुटतात. मला अजूनही रोज ते बघावंसं वाटतं. फक्त एक पथ्य पाळा. इंजेक्शन द्यायला किंवा पकडायला त्या हाकेने कधीच बोलवू नका, एका फसवणुकीत सगळी मेहनत वाया जाते. आणि सुटलीच, तर पाठलाग नको. डुकरांना घामाने अंग गार करता येत नाही, उन्हात पळवलं तर जिवावर बेततं. वाड्याचं दार उघडं ठेवा, बादली वाजवा आणि थांबा.

लहान वाड्यापुरती जाळी आम्ही आमच्या खर्चाने पाठवतो. तार ओढायच्या दिवशी मी स्वतः येईन. तोवर पिल्लांना बंद खोलीत ठेवा आणि खुराकाआधीची हाक आजच सुरू करा.