हडसन लावला म्हणजे क्लेम झाला असं नाही

सरकारी इमारतींच्या नूतनीकरणात वायरिंग, प्लंबिंग, एसी करणारे पेटी काँट्रॅक्टर, म्हणजे मेन काँट्रॅक्टरच्या हाताखालचे सब-काँट्रॅक्टर, हल्ली उशिराच्या भरपाईच्या क्लेमची एक्सेल शीट घेऊन फिरतात. कामाची रक्कम, त्यावर १५ टक्के, भागिले मुदत, गुणिले उशीर. झाला हडसन फॉर्म्युला! सोबत कागद काय, विचारलं तर मेन काँट्रॅक्टरला पाठवलेले चार व्हॉट्सॲप मेसेज. माझं मत सरळ आहे: काम लांबलं तरी चालूच राहणाऱ्या हेड ऑफिसच्या खर्चाचा (ओव्हरहेडचा) क्लेम गणितात बुडत नाही, तो साइटवर न झालेल्या नोंदीत बुडतो.

नूतनीकरणातला उशीर वेगळाच असतो, कारण कचेरी चालू असते. तिसरा मजला एक तारखेला रिकामा करून देतो म्हणतात, पण रेकॉर्ड रूमचे गठ्ठे ठेवायला जागाच मिळत नाही. प्लास्टर फोडलं की स्लॅबची सळई गंजलेली निघते. मग स्ट्रक्चरल ऑडिट, नवीन ड्रॉइंग, वाढीव बाबींची मंजुरी. मेन काँट्रॅक्टर तोवर दुसऱ्या मजल्यावर टाइल्स बसवत असतो. वायरिंगवाला मात्र झिरी मारायला भिंत मिळेपर्यंत अडकलेला. मजला उद्या मिळेल म्हणतात, म्हणून त्याला माणसं हलवता येत नाहीत आणि दुसरं काम घेता येत नाही. ओव्हरहेडच्या क्लेमचा जीव या 'उद्या'त आहे. तो कागदावर आला पाहिजे.

आता आकडे. समजा वायरिंगचं काम ९० लाखांचं, मुदत ९ महिने, सरकारी खात्यामुळे उशीर ५ महिने. हडसनने १५ टक्के धरले तर साडेसात लाख होतात. पण ते १५ टक्के सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, दर-विश्लेषणातले. त्यात साडेसात टक्के नफा आहे आणि उरलेल्या साडेसात टक्क्यांत साइटचाही खर्च येतो. तुमचं ऑफिस खरंच किती खातं? ताळेबंदात ६ टक्के निघाले तर एमडेन फॉर्म्युल्याने, म्हणजे तुमचीच खरी टक्केवारी लावून, तीन लाख. आयक्ले हा तिसरा फॉर्म्युला आणखी बारीक बघतो. अमेरिकेत १९६० च्या एका सरकारी कंत्राटाच्या निकालातून तो आला. काम प्रत्यक्ष १४ महिने, म्हणजे धरा ४२० दिवस चाललं. तेवढ्या काळात तुमची सगळ्या कामांची बिलं ४ कोटी २० लाख, त्यात या कामाची ८४ लाख, म्हणजे पाचवा हिस्सा. ऑफिसचा खर्च २५ लाख २० हजार, त्याचा पाचवा हिस्सा ५ लाख ४ हजार. दिवसाला १२०० रुपये. उशिराच्या १५० दिवसांचे १ लाख ८० हजार. त्यातले ४० दिवस तुमचाच पॅनल बोर्ड आला नव्हता? ते वजा. उरले १ लाख ३२ हजार.

साडेसात लाखांवरून सव्वा लाखावर आलं की तोंड उतरतं. पण टिकतो हा आकडा. मुदत आणि दिवस मात्र पेटी काँट्रॅक्टरचे स्वतःचे घ्यायचे. मेन काँट्रॅक्टरचं काम वेळेत संपलं म्हणून तुमचा उशीर शून्य होत नाही. उलट त्याला पाच महिने वाढले म्हणून तुमचे आपोआप वाढत नाहीत.

सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये मॅकडरमॉट विरुद्ध बर्न स्टँडर्डमध्ये हडसन, एमडेन, आयक्ले हे तिन्ही फॉर्म्युले मान्य असल्याचं सांगितलं. तो क्लेमही ओएनजीसीच्या प्लॅटफॉर्मच्या कामातल्या सब-काँट्रॅक्टरचाच होता. सगळे तेवढंच वाचून थांबतात. २०२३ मध्ये बाटलीबॉय विरुद्ध एचपीसीएल, म्हणजे माहुलच्या रिफायनरीतल्या कामाच्या प्रकरणात, कोर्टाने हडसनमधल्या दुहेरी मोजणीवर (कामाच्या रकमेत ओव्हरहेड आणि नफा आधीच असतो, त्यावरच पुन्हा टक्के लागतात) बोट ठेवलं आणि लवादाचा निवाडा टिकला नाही. त्याच वर्षी युनिब्रॉस विरुद्ध ऑल इंडिया रेडिओमध्ये, उशिरामुळे हुकलेल्या नफ्यासाठी दुसरं काम खरंच हुकल्याचा पुरावा मागितला. म्हणून या कामात अडकल्याने तुम्ही नाकारलेल्या टेंडरची पत्रं जपून ठेवा.

नोंद कशी हवी? 'जागा मिळाली नाही' ही नोंद नव्हे. 'तिसरा मजला, खोली ३०४ ते ३०९, कपाटं हलवलेली नाहीत, २ वायरमन आणि ४ हेल्पर सकाळी ९ पासून बसून, बाब क्रमांक १७ बंद', खाली तारीख आणि शाखा अभियंत्याची सही. सही देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल. हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही, खात्याकडे असतं आणि पेटी काँट्रॅक्टरला तिथे कुणी ओळखत नाही, म्हणून मेन काँट्रॅक्टरमार्फत नोंद चढली का, हे दर आठवड्याला बघा. राज्याच्या बांधकाम खात्याच्या बी-१ करारात मुदतवाढीचा अर्ज अडथळ्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, सीपीडब्ल्यूडीत १४ दिवसांत.

आणि त्या अर्जात एक वाक्य हवंच: 'या उशिराच्या नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवून.' करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उशिरा झालेली पूर्तता स्वीकारताना नोटीस दिली नाही तर भरपाई मागता येत नाही. बिनदंड मुदतवाढ मिळाली की लोक पेढे वाटतात. दंड टळला, एवढाच तिचा अर्थ.

करार खात्याशी नसल्याने तुमचा क्लेम मेन काँट्रॅक्टरच्या खांद्यावरून जातो. वर्क ऑर्डर दोन पानी असते, त्यात 'बॅक टू बॅक', म्हणजे मूळ कराराच्या अटी तुम्हालाही लागू, एवढंच लिहिलेलं. त्यात दोन ओळी घालून घ्या: तुमचा क्लेम तो पुढे पाठवेल, आणि तो निकाली निघेपर्यंत तुमच्या भागापुरता नो क्लेम दाखला (आता काही मागणी नाही, असा) देणार नाही. त्याच्याच दिरंगाईचे दिवस वेगळ्या तक्त्यात काढा. ते खात्याच्या माथी मारलेत तर बाकीच्या दिवसांवरचाही विश्वास जातो.

सुपरवायझरचा पगार, परांचीचं भाडं, विमा, बँक गॅरंटी वाढवल्याचं कमिशन हे सगळं साइटचं. पावत्यांनी सिद्ध होतं, म्हणून आधी मांडा. वाढीव बाबींच्या दरात ओव्हरहेड आधीच मिळाला असेल तर तेवढा स्वतःच कापून दाखवा, समोरच्याने शोधायची वाट बघू नका. आणि फायनल बिलावर सही करताना शेऱ्याच्या जागी 'निषेधासह' आणि क्लेमच्या पत्राचा जावक क्रमांक लिहा. रक्कम बँकेत जमा झाल्यावर पाठवलेल्या पत्राला फारसं कुणी विचारत नाही.