फवारणीचं गंधक आणि गुडघ्याची गोळी

वरूड-मोर्शीकडच्या आमच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे: ‘सांधेदुखीच्या गोळीत गंधकच असते. तेच कृषी केंद्रात स्वस्तात मिळते. चिमूटभर दुधात घ्या, सूज उतरेल. गंधक नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.’ काकूंनी विचारलं, “खरं हाय काय रे बाप्पा?” मी औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून उत्तर देणं आलं.

गोळीत गंधक असते, इतकं खरं. सांधेदुखीवर दिल्या जाणाऱ्या मेलॉक्सिकॅम या औषधाच्या रेणूत गंधकाचे दोन अणू असतात, दोन्ही कड्यांत ओवलेले: एक सहा अणूंच्या थायाझिन कड्यात, दुसरा पाच अणूंच्या थायाझोल कड्यात. म्हणून गंधक म्हणजे मेलॉक्सिकॅम नव्हे. मिठात क्लोरीन असतो, पण क्लोरीनचा वायू कोणी वरणात सोडत नाही. सूज आणणारी द्रव्यं कॉक्स नावाच्या एन्झाइममुळे तयार होतात. त्याच्या खाचेत नेमका बसणारा रेणूच ते काम अडवतो. सुट्या गंधकाला तो आकारच नाही.

हा आकार किती नाजूक, ते सुडॉक्सिकॅमवरून कळतं. मेलॉक्सिकॅमचा हा सख्खा भाऊ. फरक थायाझोल कड्यावरच्या एका मिथाइल गटाचा, म्हणजे एक कार्बन नि तीन हायड्रोजन अणूंच्या झुपक्याचा. तो गट नसल्यानं यकृतात सुडॉक्सिकॅमचं कडं फुटतं आणि घातक तुकडे निघतात. माणसांवरच्या चाचण्यांतच यकृताला इजा दिसली. औषध बाजारात आलंच नाही. मेलॉक्सिकॅमच्या बाबतीत यकृत आधी त्या मिथाइललाच हात घालतं, कडं बरंचसं शाबूत राहतं. नवी औषधं घडवणारे म्हणूनच कड्यावर काय टांगायचं नि कुठं, यात वर्षं घालवतात.

‘अपाय नाही’ हे तर गोळीबद्दलही म्हणता येत नाही. मेलॉक्सिकॅमनं जठरात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवर ताण येतो. गोठ्यातलंच बघा. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडं मरू लागली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं आणि मेलॉक्सिकॅम पुढे आलं. डायक्लोफेनॅकमध्ये गंधक नाही, म्हणजे गंधकवालं औषध निर्धोक, असं समजून लगेच खूश होऊ नका. निमेसुलाइड या दुसऱ्या वेदनाशामकात गंधक आहे, तेही गिधाडांना मारतं.

राहिली कृषी केंद्रातली गंधकाची पुडी. तिच्यावर ‘80 टक्के’ लिहिलेलं असतं, संत्र्यावरच्या रोगकिडीसाठी. उरलेल्या 20 टक्क्यांत भुकटी पाण्यात नीट मिसळावी म्हणून घातलेली द्रव्यं असतात. वैद्यांचं शुद्ध गंधक वेगळं. त्याच्या नावावर ही पुडी खपवू नका.

काकूंनी ती आणून ठेवलीच होती. आता ती फवारणी पंपाशेजारी आहे, आणि काकू गुरुवारी गुडघा दाखवायला ग्रामीण रुग्णालयात जाणार आहेत.