नम्रता कोणाकडे मागायची?

‘फार नम्र माणूस आहे हो’ असे आमच्याकडे ज्याच्याविषयी बोलले जाते, त्याने धर्मग्रामाच्या सभेत बहुधा कधी तोंड उघडलेले नसते. मिळेल तिथे बसणारा, सांगतील ते काम करणारा, वर्गणी वेळेवर देणारा आणि हिशेब न विचारणारा माणूस आपल्याला नम्र वाटतो. उलट एखाद्या बाईंनी उभे राहून सणाच्या जमाखर्चाचा कागद मागितला, की बाहेर पडताना पायरीवरच कुणीतरी पुटपुटते, ‘शिकलेली आहे, पण नम्रता नाही.’ वसईच्या एका धर्मग्रामात लहानाचा मोठा झाल्यावर माझे मत असे झाले आहे की आपण नम्रता चुकीच्या दारात मागत आलो आहोत. ज्याच्या हातात सोडण्यासारखे काहीच नाही त्याच्याकडे ती काय मागायची? ज्याच्याकडे खुर्ची, माईक, किल्ली किंवा पासबुक आहे, त्याच्याकडे ती मागितली पाहिजे.

जे वाचक कॅथलिक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एका चर्चच्या कक्षेत राहणाऱ्या कुटुंबांचा समुदाय म्हणजे धर्मग्राम. मुंबईच्या महाधर्मप्रांतातून १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात, म्हणजे वसईच्या बिशपांच्या अखत्यारीतल्या भागात, असे धर्मग्राम किनाऱ्यावरच्या जुन्या गावांतही आहेत आणि डहाणू-तलासरीकडच्या आदिवासी भागातही. धर्मग्रामाचा कारभार बिशपांनी नेमलेले प्रमुख धर्मगुरू पाहतात, त्यांच्या मदतीला प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांच्या, समित्या असतात आणि आळी-पाड्यांच्या पातळीवर शेजारच्या घरांचे लहान ख्रिस्ती समूह असतात. १९८३ च्या चर्च-कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असलीच पाहिजे. पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाची सल्लागार समिती, मात्र बिशपांना योग्य वाटल्यास स्थापन होते आणि तिचे मत केवळ सल्ल्यापुरते असते. म्हणजे साऱ्या कौन्सिलने एका बाजूने हात वर केले तरी फादर दुसरा निर्णय घेऊ शकतात.

काही मित्र या तरतुदीवर चिडतात. त्यांचा राग मला कळतो, पण माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. कायद्याने फादरांना कौन्सिलचे ऐकण्याची सक्ती केलेली नाही, म्हणूनच ते ऐकतात की नाही यावरून त्यांची नम्रता कळते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचे सातवे प्रकरण नम्रतेवर आहे आणि प्रवचनांतून आपण ते पुष्कळ ऐकले आहे. मला तिसरे प्रकरण जास्त मोलाचे वाटते. मठात महत्त्वाचा प्रश्न उभा राहिला, तर मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलवावे, सर्वांचे ऐकावे आणि मग स्वतः निर्णय घ्यावा, असे तिथे म्हटले आहे. सर्वांना का बोलवायचे, तर प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्यालाच अधिक चांगले काय ते सुचवतो म्हणून. निर्णयाचा अधिकार वरच्याकडेच ठेवून त्याला खालच्याचे ऐकायला लावणारी ही व्यवस्था आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनोडमध्ये, म्हणजे चर्चच्या जागतिक सल्लामसलतीच्या सभेत, बिशप, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक गोल टेबलांभोवती बसले, पोप फ्रान्सिसही तसेच बसले आणि स्त्रियांना प्रथमच मतदानाचा हक्क मिळाला. आमच्या सभागृहात मात्र अजून स्टेजवर पाच खुर्च्या आणि खाली ओळीत बाकीचे, अशीच मांडणी असते. खुर्च्या गोल मांडायला कुणा बिशपांची परवानगी लागत असेल असे मला वाटत नाही.

पण केवळ धर्मगुरूंकडे बोट दाखवून मोकळे होणे सोयीचे असले तरी खरे नाही. धर्मगुरूंची काही वर्षांनी बदली होते. ते बॅग भरून दुसऱ्या गावी जातात, तिथे त्यांना कुणी ओळखत नसते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी राजीनामा सादर करावा अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. आम्हा प्रापंचिकांची मात्र बदली होत नाही. गायनमंडळाचा प्रमुख, सणाच्या समितीचा खजिनदार, रविवारच्या वाचकांची यादी करणारे सर, दफनभूमीच्या किल्ल्या सांभाळणारे काका, ही पदे मी एकेका घराण्यात मुरलेली पाहिली आहेत. नव्या फादरांना पहिल्याच आठवड्यात ‘इथे असे चालत नाही, फादर’ हे वाक्य ऐकावे लागते आणि ते ऐकवणारा मनापासून स्वतःला सेवक समजत असतो. पोप बेनेडिक्ट सोळावे २०१३ च्या फेब्रुवारीत, आता अंगात पुरेसे बळ उरलेले नाही असे जाहीर सांगून, पदावरून पायउतार झाले. पोपला पद सोडता येते, पण आमच्याकडे गायनमंडळाच्या प्रमुखाला ते जमत नाही.

नावांचा सोस हा याच आजाराचा दुसरा भाग आहे. बाकाच्या पाठीवर नाव, फरशीवर नाव, पाण्याच्या कूलरवर नाव, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर आभारप्रदर्शनाची अशी यादी, की लेकरे आईचा पदर ओढू लागतात. एका चर्चमध्ये मी पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचे नाव रंगवलेले पाहिले आहे. पंखा सुरू झाला की ते वाचता येत नाही, एवढीच काय ती त्यातली नम्रता. देणगी देणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण मेलेल्या आईवडिलांचे नाव चर्चमध्ये कुठेतरी असावे ही इच्छा माणसाची आहे. पण ज्या बाई दर शनिवारी वेदीवरची फुले बदलतात, वेदीचे कापड घरी नेऊन धुतात आणि इस्त्री करून आणतात, त्यांचे नाव कुठल्याच फरशीवर नसते.

संत याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला, एक प्रसंग आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो आणि मळक्या कपड्यांतला गरीबही येतो. पहिल्याला चांगली जागा मिळते. दुसऱ्याला सांगतात, तिथे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायाशी बस. हे वाचन मिस्सेत येते तेव्हा मी हमखास आजूबाजूला पाहतो. वाडीत कामाला येणारी आदिवासी कुटुंबे, ज्यांतली काही आमच्याच धर्माची आहेत, शेवटच्या खांबाजवळ किंवा बाहेर मंडपात उभी असतात. त्यांना कुणी तसे सांगितलेले नसते, पण आत या असेही कुणी म्हटलेले नसते. नालासोपारा-विरारच्या इमारतींतून येणाऱ्या मंगळुरी, मल्याळी, तमिळ कुटुंबांना आम्ही अजून ‘बिल्डिंगवाले’ म्हणतो. त्यांनी इंग्रजी मिस्सेसाठी सकाळची चांगली वेळ मागितली, की आमच्या पूर्वजांनी चर्च बांधल्याच्या गोष्टी निघतात. मराठी मिस्सा टिकली पाहिजे हे माझेही ठाम मत आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी आपली भाषा वेदीवर आली, हे आपले मोठे भाग्य आहे. पण भाषेवर प्रेम करणे वेगळे आणि चांगल्या वेळेवर वडिलोपार्जित हक्क सांगणे वेगळे.

जातीचा विषय निघाला की ‘आपल्यात तसे काही नाही’ असे म्हणायची आपली सवय आहे. गोव्यातल्या काही गावांत कॉन्फ्रारियांचे, म्हणजे चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या मंडळांचे, सदस्यत्व आणि सणाचा मान पिढ्यान् पिढ्या ठरावीक घराण्यांकडेच राहिला आणि त्यावरून वाद झाले. देशातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे मान्य केले. एखाद्या संस्थेने स्वतःच्या घरातली गोष्ट अशी कागदावर कबूल करणे, ही माझ्या लेखी वर्षभराच्या प्रवचनांपेक्षा मोठी नम्रता आहे. तो कागद आमच्या समूहांच्या बैठकींत कधी वाचला गेल्याचे मात्र मला आठवत नाही.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, त्या पायधुणीविषयीही बोललेच पाहिजे. योहानच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र आधी नकार देतो. आमच्याकडे निवडलेली बारा माणसे घरून पाय घासूनपुसून, नवे मोजे चढवून येतात, त्यामुळे धर्मगुरूंना धुण्यासारखे काही उरतच नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोममधल्या तरुण कैद्यांच्या सुधारगृहात जाऊन पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते, आणि त्यावरून टीकाही झाली. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी स्त्रियांचेही पाय धुण्याची मुभा नियमातच घातली. त्यानंतर आमच्याकडे बारा जणांत स्त्रिया आल्या, हा बदल मी आनंदाने पाहिला. पण त्या बाराही जणांची निवड अजून प्रतिष्ठितांतूनच होते. त्यात एखादा दारू सोडण्यासाठी धडपडणारा, एखादी नवऱ्याने टाकलेली का नसावी?

हे सारे लिहिले म्हणून आमच्या धर्मग्रामात चांगले काही नाही असा अर्थ कुणी काढू नये. आळीत कुणी वारले की काय होते ते बाहेरच्या माणसाने एकदा पाहावे. घरच्यांना काही सुचत नसते. कुणी न सांगता एक जण दाखल्यासाठी डॉक्टरांकडे जातो, एक जण पेटीचे पाहतो, दोघे दफनभूमीत खड्ड्याच्या कामावर उभे राहतात, शेजारची घरे आपापल्या चुली पेटवून मोठ्या पातेल्यांत चहा ठेवतात, आणि रात्री अंगणात जपमाळ सुरू होते. त्या रात्री कौन्सिलचा अध्यक्ष कपबशा विसळताना दिसतो आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसे, जिचा पाया फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये घातला, गरजू घरांना जाऊन भेटतात आणि त्या घरांची नावे बाहेर सांगत नाहीत. आमच्याच माणसांना हे सर्व येते. मृत्यूच्या रात्री जमते ते सणाच्या सभेत का जमत नाही, याचे उत्तर माझ्या मते सरळ आहे. मृत्यूच्या घरी मिरवण्यासारखे पद नसते.

आपल्याच मातीतला एक दाखला मला फार बोलका वाटतो. संत गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे. पूर्वेकडे व्यापारात त्यांचा चांगला जम बसला होता. तो सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन या संन्यासी संघात साधे बंधू, म्हणजे धर्मगुरू नसलेले सदस्य, म्हणून दाखल झाले आणि शेवटपर्यंत बंधूच राहिले. मात्र जपानी भाषा त्यांना येत होती. फ्रान्सिस्कनांचे प्रमुख पेद्रो बाउतिस्ता जपानचा राज्यकर्ता हिदेयोशी याच्याकडे गेले तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो सोबत होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर मरण आलेल्या सव्वीस जणांत हे दोघेही होते, आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. आपण गोन्सालोंच्या नम्रतेचे गोडवे गातो ते योग्यच आहे. मला त्यात पेद्रो बाउतिस्तांचीही नम्रता दिसते. प्रमुख असूनही त्यांना आपल्या तोंडचा शब्द एका साध्या बंधूच्या हाती सोपवावा लागला आणि त्यांनी तो सोपवला.

नम्रता म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे वसईकरांना तरी वेगळे सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी, म्हणजे वसईची हिरवाई वाचवण्यासाठी, रस्त्यावर उतरले, सभा घेतल्या, शत्रू ओढवून घेतले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना निरोप देणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे होती.

आमच्या धर्मग्रामात लवकरच नवी कौन्सिल निवडायची आहे. समूहाच्या बैठकीत मी तीन गोष्टी लेखी मांडणार आहे. कुठल्याही पदावर लागोपाठ दोनपेक्षा अधिक मुदती नकोत. सणाचा जमाखर्च सण झाल्यावर महिन्याभरात चर्चच्या फलकावर लावावा, आणि पुढच्या पवित्र गुरुवारच्या बारा जणांची नावे समित्यांनी न ठरवता प्रत्येक समूहाने चिठ्ठी टाकून काढावीत. पहिल्या मुद्द्याला सर्वांत जास्त विरोध होईल, आणि तो कुणाकुणाकडून होईल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. त्यांतले काही जण माझे जवळचे नातेवाईक आहेत आणि ही पोस्ट तेही वाचतील.