आतून केमिकल मारून तळघर कोरडं होत नाही

मे महिना उजाडला की तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक पार्ल्याच्या मावसभावाकडून. मजकूर साधारण असा: ‘बेसमेंटमध्ये पाणी येतं म्हणून पंपावर पैसे घालवू नका. भिंतींना आतून वॉटरप्रूफिंग केमिकलचे तीन हात मारा, पाणी कायमचं बंद. पंप लागतो तो फक्त २६ जुलैसारख्या दिवशी, आणि आता महापालिकेनेच मोठे पंप बसवलेत. तरीही पाणी भरलंच तर भाड्याने मडपंप आणून तासाभरात उपसून टाका. ओल जायला पावसाळाभर दारं-खिडक्या उघडी ठेवा.’

मी दादरला राहतो. आमच्या इमारतीखाली तळघर आहे, अर्ध्यात गाड्या आणि अर्ध्यात स्टोअर. नऊ वर्षं कमिटीत त्याचं काम माझ्याकडे आहे. मेसेजमधल्या बहुतेक गोष्टी आम्ही करून पाहिल्यात, म्हणून हे लिहितोय.

आधी केमिकलचं. आम्ही एका कंत्राटदाराकडून पूर्ण पूर्वेकडची भिंत करून घेतली. जूनमध्ये भिंत चकाचक होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जमिनीपासून वीतभर उंचीवर रंगाला फुगे आले. एकाला नख लावलं तर आतून पाण्याची धार मनगटावर आली, आणि मागे प्लॅस्टरवर मिठासारखा पांढरा खार साचलेला. यात नवल काहीच नाही. जमिनीत साठलेलं एक मीटर उंचीचं पाणी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब देतं. तीन मीटर खोल तळघराभोवती माती पूर्ण भिजली, तर भिंतीच्या पायथ्याशी हा दाब तीन टनांपर्यंत जातो. बाहेरून लावलेल्या थराला हे पाणी भिंतीवर दाबून बसवतं. आतून लावलेल्या थराला तेच पाणी भिंतीपासून सोलून काढतं. म्हणूनच मुंबईत नवीन बांधकामात तळघराला खालून आणि बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग करायची पद्धत आहे. बांधून झालेल्या इमारतीभोवती खणायला जागा नसते, हे मान्य. भेगेत ग्राउट, म्हणजे भेगा बुजवायचं पातळ मिश्रण, भरल्याने ती भेग बंद होते, हेही खरं. पण बाहेरचा दाब तसाच राहतो. एक जागा बुजवली की पाणी दुसरी शोधतं, बहुतेक वेळा भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो सांधा.

शेवटी आम्ही पाणी अडवण्याचा हट्ट सोडला आणि त्याला वाट करून दिली. भिंतीच्या कडेने आतून फरशी फोडून चर खणला, त्यात भोकांचा पाइप टाकला, भोवती खडी, खडीवर गाळ अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड, आणि सगळ्याचा उतार कोपऱ्यातल्या संपकडे, म्हणजे पाणी गोळा होऊन पंपाने उपसलं जातं त्या खड्ड्याकडे. भिंतीतून झिरपणारं पाणी आता गाड्यांखाली पसरत नाही, थेट संपमध्ये जातं.

पंप फक्त २६ जुलैला लागतो, हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस क्वचित येतो. पण आमचा पंप सर्वात जास्त चालतो तो पाऊस थांबल्यानंतरचे दोन-तीन दिवस, कारण तोवर जमीन तुडुंब झालेली असते आणि पाणी आत झिरपत राहतं. महापालिकेच्या पंपांचं काम वेगळं आहे. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही केंद्रं भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी समुद्रात टाकतात. तुमच्या तळघरातलं पाणी रस्त्याच्या गटारापर्यंत तुम्हालाच चढवावं लागतं. शहरातल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधल्या होत्या, त्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात हे प्रमाण ५० धरलं गेलं. त्याहून जास्त कोसळला की पाणी रस्त्यावर उभं राहतं आणि सगळ्यात खालची जागा गाठतं. २६ मे २०२५ला मेट्रो ३च्या नव्याकोऱ्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

पंप नुसता असून भागत नाही. एका जुलैत आमचा पंप धडधाकट होता, वीज होती, तरी पहाटे गाड्यांची अर्धी चाकं पाण्यात. वॉचमनने टॉर्च मारला, तर दुधाची रिकामी पिशवी पाण्याबरोबर वर येऊन पंप सुरू करणाऱ्या फ्लोटच्या वायरीला गुंडाळून फ्लोट खड्ड्याच्या भिंतीला चिकटलेला. तो वर उचललाच गेला नव्हता, म्हणून पंप सुरूच झाला नव्हता. तेव्हापासून संपवर जाळी आहे, दोन पंप आहेत आणि दुसऱ्याचा फ्लोट थोडा वर बांधलाय. दोन्हींना इन्व्हर्टरची किंवा जनरेटरची जोड हवीच, कारण मोठ्या पावसात वीजही जाते. बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा आणि पाइपचा बाक रस्त्यावर पाणी चढतं त्या पातळीच्या वर न्या. नाहीतर पंप थांबताच भरलेल्या गटाराचं पाणी त्याच वाटेने परत येईल. आणि हे पाणी मलवाहिनीत सोडू नका, तिचं जाळं वेगळं आहे.

तासाभरात उपसून टाका, हा सल्ला तर धोक्याचा आहे. बाहेरची माती भिजलेली असताना आतलं पाणी झपाट्याने काढलं, की आतून मिळणारा आधार जातो आणि बाहेरचा दाब तसाच राहतो. जुन्या दगड-विटांच्या भिंती अशाने आत झुकतात, फरशी उचलली जाते. पूर्ण भरलेलं तळघर दिवसाला दोन-तीन फूट उतरवावं, आणि बाहेरचं पाणी ओसरल्यावरच सुरुवात करावी. त्याआधी मेन स्विच बंद. पाणी शिरत असताना गाडी काढायला कुणीही खाली उतरू नये. २७ जुलै २०२४ला दिल्लीत कोचिंग क्लासच्या तळघरात तीन विद्यार्थी बुडून गेले.

खिडक्यांचं म्हणाल तर जुलैतली दमट हवा आत घेतली की ती तळघराच्या गार भिंतीवर दव होऊन बसते आणि ओल वाढते. शंका असेल तर भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून दोन दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या मागे आलं तर ते झिरपणारं, पुढच्या बाजूला आलं तर हवेतलं.

मेसेजमध्ये गच्चीचा साधा उल्लेखही नाही, आणि आमचं निम्मं दुखणं तिथेच होतं. आमची गच्ची सुमारे ५००० चौरस फूट. १०० मिलिमीटर पाऊस झाला की तिच्यावरून साधारण साडेशेचाळीस हजार लिटर पाणी उतरतं. ते खाली आणणाऱ्या पाइपांपैकी एक ईशान्येच्या कोपऱ्यात भिंतीच्या पायथ्याशीच मोकळा सुटत होता, वर्षानुवर्षं. प्लंबरने दोन बेंड आणि दहा फूट पाइप जोडून तो आवारातल्या गटारात वळवला, अर्ध्या दिवसाचं काम. त्या कोपऱ्यात जोशीकाकूंचं स्टोअर आहे. पुढच्या सप्टेंबरमध्ये त्यांनी तिथली जुनी लाकडी पेटी उघडली, तर तळाचे कपडे कोरडे होते.