ती मरीया नाही, योहानच आहे

येशू शिष्यांसोबत अखेरचे जेवतो आहे, अशा लिओनार्दो दा विंचीच्या ‘शेवटचे भोजन’ या चित्राबद्दल एक दावा सतत फिरत असतो. येशूच्या उजवीकडे बसलेली व्यक्ती म्हणजे त्याची अनुयायी मग्दालीया मरीया, दोघांमध्ये मुद्दाम रिकामी जागा सोडली आहे, एका हातात सुरा आहे पण तो हात कुणाचाच नाही, आणि टेबलावर पवित्र पेला, म्हणजे त्या भोजनात येशूने वापरलेला पेला, नाही; म्हणजे चित्रकाराने गुपित दडवले आहे.

आधी मरीया. आधार काय, तर दाढी नाही, केस लांब, चेहरा कोवळा. पण पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये येशूचा तरुण शिष्य योहान असाच रंगवत. याच भोजनाचे कास्तान्यो या चित्रकाराचे १४४७चे भित्तिचित्र पाहा, गिर्लांदायोचे १४८०चे पाहा. दोन्हींत तो बिनदाढीचा तरुण येशूपाशी मान टाकून बसला आहे. लिओनार्दो त्याच शहरात शिकला. शिवाय माणसे मोजा: येशू आणि बारा जण. ही मरीया असेल, तर योहान कुठे गेला?

मग दोघांमधली ती रिकामी जागा? बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचा. तुमच्यातलाच एक जण मला धरून देणार, असे येशू सांगतो, आणि तो कोण हे विचार म्हणून पेत्र हा शिष्य येशूच्या लाडक्या शिष्याला, म्हणजे परंपरेने योहानाला, खुणावतो. चित्रात नेमके तेच घडते आहे. पेत्र योहानाच्या कानाशी झुकला आहे, योहान त्याच्याकडे कलला आहे, म्हणून येशूच्या बाजूला जागा पडली. आणि या झुकण्यात येशूला धरून देणारा, पैशांची थैली आवळलेला यहूदा टेबलाकडे रेटला गेला आहे. प्रश्न विचारला जातोय आणि उत्तर मध्येच बसले आहे! एवढी विलक्षण रचना सोडून लोक गुपिते शोधतात, याचे मला खरेच वाईट वाटते.

सुरा पेत्राच्याच उजव्या हातात आहे. मनगट कमरेमागे वळवलेले आहे, इतकेच. त्या बाहीचा लिओनार्दोने केलेला अभ्यास इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्याच रात्री पेत्र महायाजकाच्या दासाचा कान कापतो, त्याची ही चाहूल. मिलानमधले मूळ चित्र कोरड्या गिलाव्यावर रंगवल्यामुळे लवकरच पोपडे धरू लागले. त्यामुळे शंका असेल तर लंडनच्या रॉयल अकादमीची सोळाव्या शतकातली प्रतिकृती पाहावी. तिच्यात हात कुणाचा ते स्पष्ट दिसते.

राहिला पेला. टेबलावर द्राक्षारसाचे साधे काचेचे पेले आहेत, एक येशूच्या हाताजवळही. सोन्याचा एकच भव्य पेला शोधणाऱ्याला ते दिसत नाहीत.