बिल्ड टाइप? राहू द्या हो रिकामा!

सीमेक, म्हणजे सी++ प्रोग्रामच्या बिल्डची तयारी करून देणारं टूल, त्यात बिल्ड टाइप (डीबगसाठी बनवायचं की रिलीजसाठी ते) सेट करायच्या भानगडीत अजिबात पडू नका. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने मेकफाइलवालं (मेक या टूलने चालणारं) साधं बिल्ड आहे ना, मग तो सीमेक काही विचारत नाही, तुम्हीपण काही सांगू नका. रिकामा सोडला की वेग वाढवणारं ऑप्टिमायझेशनही नाही आणि बग शोधायला लागणारी डीबगची माहितीही नाही, दोन्हीकडून बोंब. मग प्रोग्राम रेंगाळायला लागला की सगळं रस्ट या दुसऱ्या भाषेत लिहून काढूया असा विषय मीटिंगमध्ये काढायला तुम्ही मोकळे.

आणि टाइप द्यायचाच असेल तर 'रिलीज'चं स्पेलिंग चुकवून द्या. सीमेक हूं की चूं करत नाही, त्याला वाटतं असेल बुवा यांचा काहीतरी स्पेशल टाइप, आणि त्या नावाचे फ्लॅग्ज (कंपायलरला द्यायच्या सूचना) कुठेच नसतात म्हणून लागत काहीच नाही. व्हिज्युअल स्टुडिओवर तर स्पेलिंग बरोबर असलं तरी फरक पडत नाही, कॉन्फिगर करताना दिलेला टाइप तिथे बघतंय कोण, तो बिल्डच्या वेळी वेगळा द्यावा लागतो, नाहीतर गुपचूप डीबगच बनतं. हे टीममध्ये कुणाला सांगू नका, कळेल त्यांचं त्यांना.

फ्लॅग्ज हवेत? सीएक्सएक्स फ्लॅग्जमध्ये, म्हणजे सी++ कंपायलरच्या फ्लॅग्जच्या यादीत, आधीचं सगळं पुसून सरळ ओ-थ्री (ऑप्टिमायझेशनची वरची पातळी) ठोकून द्या, पॅकेजवाल्याने (तुमचा प्रोग्राम पॅक करून वाटणाऱ्याने) बाहेरून जे दिलं होतं ते गेलं उडत. आता टाइप रिलविथडेबइन्फो (रिलीज, पण डीबगच्या माहितीसकट) असेल तर त्याचा ओ-टू (एक पायरी खालचा) तुमच्या ओ-थ्रीच्या मागून येतो आणि जीसीसी शेवटी आलेल्याचंच ऐकतो, पण कमांडचं आउटपुट उघडून बघतंय कोण.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे असर्ट, कंसातली अट खोटी निघाली तर प्रोग्राम तिथेच थांबवणारी तपासणी. फाइल उघडणारं फंक्शन असर्टच्या कंसातच कॉल करा, डीबगमध्ये झकास चालतं, टेस्ट हिरव्यागार. रिलीजमध्ये असर्ट बंद करणारा एनडीबग येतो आणि असर्टबरोबर तो कॉलपण गायब, फाइल उघडलीच जात नाही. अशा वेळी चेहरा गंभीर करून म्हणायचं, ऑप्टिमायझरमध्ये बग आहे.

आकडेमोड वेगवान करणारा फास्ट-मॅथ फ्लॅगपण लावाच. नॅन ('ही संख्याच नाही' असं उत्तर) येणारच नाही असा शब्द तुम्हीच कंपायलरला दिलेला असतो, त्यामुळे नॅन पकडायला लिहिलेला तुमचा चेक तो बिनधास्त उडवू शकतो.

शेवटी मार्च-नेटिव्ह, म्हणजे बिल्ड होतंय त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी कोड बनव असं सांगणारा फ्लॅग, तेही नव्याकोऱ्या प्रोसेसरच्या बिल्ड सर्व्हरवर. कस्टमरच्या जुन्या मशीनवर प्रोग्राम 'इलीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत आडवा झाला तर तिकिटावर 'हार्डवेअर इश्यू' लिहून बंद करून टाका, खोटं तरी कुठे आहे त्यात.